छंदाला जुंपू नका

दिवाळीचा पहिला दिवा आपण लावतो तो वसुबारसेला, गाय-वासरासमोर. माणसांची अभ्यंगस्नाने, ओवाळण्या आणि फराळ हे सारे त्यानंतरचे. तेव्हा घरोघर चकल्यांचा घाणा चालू असताना मी जनावरांचा विषय काढला म्हणून मंडळींनी नाक मुरडू नये. विषय कुत्र्यामांजरांचा आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या कौतुकावर पूर्ण वेळ जगू पाहणाऱ्या माणसांचा.

हल्ली कोणत्याही गुणगौरव समारंभाला जा. मुलांना प्रशस्तिपत्रे वाटून झाली की शहरातून आलेले पाहुणे उठतात, ध्वनिक्षेपक दोन बोटांनी ठोकून पाहतात आणि सांगतात, "मुलांनो, नोकरीच्या मागे लागू नका. तुमचा जो छंद असेल त्याचाच धंदा करा. मग जन्मभर काम केल्यासारखे वाटणारच नाही!" टाळ्या पडतात. पाहुण्यांना परत जायचे असते. मुलांना इथेच राहायचे असते. मी मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस. मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. त्या कादंबऱ्यांपैकी एकीनेही आमच्या घरात महिन्याचा किराणा आणलेला नाही, आणि म्हणूनच मी त्या मला हव्या तशा लिहू शकलो. या अधिकारावर मी सांगतो, की पाहुण्यांचा हा उपदेश घातुक आहे. आणि छंद जर मुक्या जनावराचा असेल, तर दुप्पट घातुक आहे.

का, ते सांगतो. छंदाला पोट नसते, धंद्याला असते, आणि ते रोज सकाळी उठून मागते. आपल्या कुत्र्याविषयी चार ओळी लिहाव्यात, त्याचे छायाचित्र काढावे, मोबाईलवर चित्रफीत करून चार लोकांना दाखवावी, यात वाईट काहीच नाही. पण या लिहिण्यादाखवण्यावर घरभाडे आणि दूधवाल्याचे बिल अवलंबून राहिले, की दररोज काहीतरी दाखवणे भाग पडते. आता कुत्रा दररोज काय करतो? चोवीसातले बारा-चौदा तास झोपतो. उरलेल्या वेळात माश्या हाकलतो, दाराशी बसतो, भाकरीची वाट पाहतो आणि गल्लीत कोणी अनोळखी आला की भुंकतो. पाळणाऱ्याला यातच आनंद असतो. पण परक्या माणसाने रोज थांबून पाहावे असे यात काय आहे? मग धंदेवाल्यापुढे दोनच वाटा राहतात. एक, जे घडले नाही ते घडले म्हणून सांगावे. दुसरी, जनावराकडून ते करवून घ्यावे.

पहिल्या वाटेचा नमुना पाहायला आम्हा माजलगावकरांना दूर जावे लागत नाही. लवूळ हे आमच्याच तालुक्यातले गाव. डिसेंबर २०२१ मध्ये या गावाचे नाव साऱ्या जगात गाजले. माकडांनी तिथे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेली, त्यांत पिल्ले मेली आणि गावकरी धास्तावले, एवढे खरे. वनखात्याचे नागपूरचे पथक आले, त्याने दोन माकडे पकडून नेली, हेही खरे. पण एवढ्यावर कोणाचे पोट भरणार? बातमी मोबाईलवरून निघाली आणि वाटेत तिला पाय फुटले. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशेवर गेला. कुत्र्यांनी माकडाचे पिल्लू मारले होते, त्याचा हा सूड, अशी कथा जोडली गेली. मग माकडांच्या टोळ्या, कुत्र्यांची फौज, दोन्ही बाजूंचे सेनापती! ज्यांना सिंदफणा नदी कोणत्या मुलखात वाहते हे ठाऊक नाही, अशा लोकांनी परदेशात बसून या "युद्धा"ची चित्रे काढली, विनोद रचले, चित्रफिती केल्या आणि त्यांवर पैसे मिळवले.

मी आपला साधा मास्तर. मला गणिताचा प्रश्न पडतो. एका खेड्यात अडीचशे कुत्री मेली, तर ती मोजली कोणी आणि पुरली कोणी? माकड एखादे पिल्लू उचलते, छातीशी धरते, त्याच्या अंगावरचे किडे वेचते. छपरावर नेलेल्या पिल्लाला आईचे दूध मिळत नाही आणि खाली उतरता येत नाही. ते उपाशी मरते किंवा पडून मरते. यात सूड कुठे आला? पण "माकडाने पिल्लू उचलले आणि ते उपासाने मेले" हे वाक्य विकत नाही. "माकडांनी सूड उगवला" हे वाक्य विकते. लवूळच्या माणसांना त्या दिवसांत पोरेबाळे घराबाहेर पाठवायची भीती वाटत होती. त्यांच्या भीतीचा तमाशा करणाऱ्यांपैकी कितीजण पुढे गावात येऊन विचारते झाले, की बाबांनो, आता कसे आहे? त्यांना सवड नव्हती. दुसऱ्या दिवसाचे जनावर शोधायचे होते.

आता याच माकडांच्या जातीवर मराठीत काय लिहिले गेले आहे ते पाहा. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी १९८२ साली आली आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. विषय वानरांची टोळी आणि त्या टोळीतली सत्तेची झुंज. रक्तपात तिच्यातही आहे. पिल्ले मरतात, नर एकमेकांना फाडतात. पण एकही वानर तिथे माणसाच्या सोयीसाठी खोटे वागत नाही. हे कशाने साधले? प्रतिभेने, हे तर झालेच. परंतु त्या प्रतिभेला उसंत कोणी दिली? शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांची चाकरी करीत होता. चूल त्या पगारावर पेटत होती. त्यामुळे वानरांनी आज काही केले नाही, तर त्यांना काही न करू देण्याची ऐपत लेखकाजवळ होती. मारुती चितमपल्लींचे तेच. उभी नोकरी वनखात्यात गेली, कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट. पाखरांची आणि झाडांची नावे आदिवासींच्या तोंडून टिपून ठेवली आणि पुस्तके सावकाश लिहिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. जंगलाने आज दर्शन दिले नाही तर उद्या, असे म्हणू शकणारी ही माणसे होती. ज्याचे भाडे पाखरावर अवलंबून आहे, तो असे कसे म्हणणार?

यावर एक उत्तर मला लगेच मिळते, आणि ते मला माझ्या वर्गातल्याच एका मुलाने दिले. मुलगा नववीचा. त्याच्याकडे एक गावठी कुत्रा आहे, वाघ्या नावाचा. मुलगा त्याच्याविषयी वहीत लिहितो आणि सुंदर लिहितो. दसरा झाला की त्याचे आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला जातात; एक कोयता, म्हणजे नवराबायको दोघे. ट्रॅक्टर निघाला तेव्हा वाघ्या वळणापर्यंत धावला, वळणावर बसला आणि अंधार पडल्यावर एकटा परत आला, एवढेच त्याने एका पानावर लिहिले होते. मी ते पान दोनदा वाचले. हा मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी शाळा सोडून पूर्ण वेळ हेच करणार. वाघ्याचे व्हिडिओ लोक बघतात. पैसे आले तर आईबाप पुढच्या सालाला तोडीला जाणार नाहीत. तुम्ही सांगता त्या लेखकांना सरकारी नोकऱ्या होत्या. आम्हाला कोण देतो?"

या प्रश्नाची टर उडवणारा माणूस मास्तर म्हणवून घ्यायला लायक नाही. बीड जिल्ह्यातल्या मुलाने नोकरी नाही म्हणून जी वाट दिसेल ती धरली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, आणि पाहुण्यांना तर मुळीच नाही. पण ती वाट कुठे जाते हे त्याला न सांगणे, हा मात्र गुन्हा होईल. त्याच्या वहीतले ते पान कोणालाही रोज लिहिता येणार नाही, कारण आईबाप रोज गावाला जात नाहीत. मग उद्या काय दाखवायचे? वाघ्याला पुन्हा वळणावर बसवायचे? खोटा ट्रॅक्टर आणायचा? हसू नका. असे करणारे लोक आहेत, आणि सुरुवातीला तेही आपल्या कुत्र्यावर जीव टाकणारेच होते.

आता दुसरी वाट, जनावराकडून करवून घेण्याची. या धंद्यातले जगातले सर्वांत नावाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या एका मांजरीचे. २०१२ साली तिचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. चेहरा कायमचा रुसलेला, ओठांचे कोपरे खाली ओढलेले. लोक वेडे झाले. उपाहारगृहात वाढपाचे काम करणाऱ्या तिच्या मालकिणीने नोकरी सोडली. पुढे पुस्तके, बाहुल्या, चित्रपट, सारे झाले. एका कॉफीवाल्याने ठरल्याबाहेर तिचे चित्र वापरले म्हणून न्यायालयात दावा गेला आणि २०१८ मध्ये सात लाख दहा हजार डॉलरांची भरपाई मिळाली. पाहुण्यांना हे उदाहरण द्यायला फार आवडेल. त्यांनी मग पुढचेही सांगावे. ती मांजर रुसलेली नव्हती. ती खुजी जन्मली होती, आणि खालचा जबडा पुढे आल्यामुळे तिचे तोंड तसे दिसत होते. २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या सातव्या वर्षी ती गेली. मालकिणीने तिला प्रेमाने वाढवले असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यानंतर जगभर किती लोकांनी आपापल्या घरातले वाकडेतिकडे, आजारी, चमत्कारिक पिल्लू हुडकून कॅमेऱ्यापुढे धरले असेल?

आणखी एक प्रसंग. आग्नेय आशियात लोरिस नावाचे मोठ्या डोळ्यांचे, सावकाश चालणारे एक लहान जनावर असते. २००९ साली त्याची एक चित्रफीत जगभर फिरली. माणूस त्याला गुदगुल्या करतो आणि ते दोन्ही हात वर करून जणू आणखी मागते. लाखो घरांत लोक गोड हसले. वस्तुतः घाबरलेले लोरिस हात वर करते ते बचावासाठी. त्याच्या दंडाशी एक ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळून त्याचा चावा विषारी होतो. म्हणजे जे आपण लाड म्हणून पाहत होतो, ते जनावर आपल्या परीने शस्त्र उपसत होते. कुत्र्याचेही असेच. फराक घातलेला, टोपी चढवलेला कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, आणि आमच्या घरातल्या आत्या-मावश्या म्हणतात, "बघा कसा लाजतोय!" तो लाजत नसतो, कावलेला असतो. मंडळी, हा धंदा आपल्या पाहण्यावर चालतो. दुकानदार एकटा दोषी नसतो. गिऱ्हाईक आपण आहोत.

इथे मला आपल्या कायद्याचीही एक गंमत दिसते. एके काळी माकडवाला गावात यायचा. डमरू वाजवायचा, माकडाला टोपी घालायचा, बायकोला सासरी आणण्याचा खेळ करायचा. अस्वल घेऊन दरवेशी यायचा. १९९८ मध्ये सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. योग्य केले, त्या जनावरांचे हाल होत होते. २००१ मध्ये नियम निघाले, की इतर जनावरांचे खेळ करायचे तर आधी नोंदणी करावी. माकडवाल्याची पिढीजात भाकरी गेली. त्याला कोणी विचारले नाही, की बाबा, आता तू काय करशील? आता तोच टोपीचा खेळ सदनिकेतल्या गालिच्यावर, पांढऱ्या उजेडात चालतो. फक्त माकडाच्या जागी कुत्रा आहे आणि डमरूच्या जागी गाणे. एकाला आपण भिकारी म्हटले, दुसऱ्याला उद्योजक म्हणून व्यासपीठावर बसवतो. फरक जनावराच्या दृष्टीने कोणता, हे मला कोणीतरी समजावून द्यावे.

पैसे येतात कुठून हेही पाहिले पाहिजे. छंद म्हणून लिहिणारा सांगतो, "आमच्या कुत्र्याला हे खाद्य मानवले नाही." धंदा करणाऱ्याच्या दारात त्याच खाद्याचे पोते फुकट येऊन पडते, मग त्याने काय लिहावे? जाहिरातींच्या मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केला, की पैसे वा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर "जाहिरात" असे स्पष्ट लिहावे. नियम चांगला आहे. पण तो करावा लागला यातच सगळे आले. ज्याच्या घरचे मांजर दोन दिवस जेवत नाही, तो बिचारा रात्री अकरा वाजता कोणाचे तरी लिहिलेले वाचून उपाय शोधतो. त्याला वाटते, एक मांजरवेडा दुसऱ्या मांजरवेड्याला सल्ला देतो आहे. खरे तर त्याला एक विक्रेता भेटलेला असतो. वैद्य आणि औषधविक्या एकच असू नये, हे आपले आजोबा सांगत. इथे तर शेजारी आणि औषधविक्या एक झाला.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उद्योगाचेच वैरी दिसता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय केले? त्यांना यंत्रांचा नाद होता, आणि त्या नादाचाच कारखाना झाला ना? झाला. मुंबईच्या तंत्रशाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिले नांगर पडून राहिले. पण एकदा नांगर जमिनीत गेला, की तो चांगला की वाईट हे शेतकऱ्याला कळत होते. लक्ष्मणरावांनी विकला तो नांगर. यंत्राविषयीचे आपले प्रेम त्यांनी दर सकाळी चौकात मांडले नाही. कुत्र्याचे खाद्य बनवा, दुकान थाटा, गावाला जाणाऱ्यांची कुत्री सांभाळा, त्यांना शिकवा, गाई-शेळ्या पाळा, कोंबड्या विका. यातला प्रत्येक धंदा मानाचा आहे आणि प्रत्येकात गिऱ्हाईक माल पारखू शकते. माझे भांडण आहे ते मायाच मालासारखी विकण्याशी. तिची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, आणि विकणाऱ्यालाही काही दिवसांनी करता येईनाशी होते.

आमच्या वाघ्यावाल्या मुलाला मी लिहू नको म्हटले नाही. लिही, पण आठवड्याला एकच पान, आणि तेही काही घडले तरच, असे सांगितले. मराठीतला पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा काढला तो १९०९ साली. तेव्हापासून हे अंक वर्षातून एकदाच येतात, म्हणून लिहिणाऱ्याजवळ साठून काहीतरी येते. त्याला मी जेम्स हेरियटची गोष्टही सांगितली. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या थर्स्क गावी हा गुरांचा डॉक्टर होता, हेरियट हे त्याचे टोपणनाव. पहिले पुस्तक १९७० साली आले तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. पुढे पुस्तकांनी त्याला अमाप पैसा दिला, तरी तो गोठ्यांत जात राहिला. रात्री दोन वाजता चिखलात गुडघे टेकून अडलेले वासरू ओढून काढणाऱ्याला लिहायला काही सुचत नाही, असे होत नसते.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, पण तो डॉक्टर होता." मी म्हटले, मग तू का होत नाहीस? परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचे. माजलगावाहून काही फार लांब नाही. बारावीला जीवशास्त्र घ्यावे लागेल, प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, आणि पदवीला साडेपाच वर्षे जातील. या अवधीत आईबाप अनेकदा तोडीला जाऊन येतील, हे मीही जाणतो. त्याची फी, वसतिगृह, शिष्यवृत्तीचे अर्ज यांची माहिती काढण्याचे काम या सुट्टीत मी अंगावर घेतले आहे. पाहुण्यांपैकी कोणाला छंदाविषयी खरोखरच कळकळ असेल, तर त्यांनी पुढच्या समारंभाला येताना भाषणाऐवजी अशा एका मुलाची एका वर्षाची फी आणावी. समारंभ जानेवारीत आहे.